नवी हॉलंड जलरेषा (सायकलमार्ग)

नेदरलँड्समधील माउडन ते बीसबॉस या सुमारे 85 किमी. लांबीच्या जुन्या संरक्षणरेषेलगतचा ग्रामीण सायकलमार्ग. येथे तट म्हणजे पाणीच. शत्रू आला की 3 ते 5 किमी. रुंदीची कुरणे बुडवायची. पाणी जेमतेम गुडघाभर, सुमारे 40 सेंमी. एवढ्यात नाव चालत नाही आणि पायदळाला बुडालेले चर दिसत नाहीत. किल्ले होते ते नद्या, बंधारे व रस्ते ओलांडताना राहणाऱ्या कोरड्या वाटा राखण्यासाठी.

रेषेचा आरंभ सामान्यतः 1815 हा धरतात. कल्पना मात्र जुनी असून 1672 मध्ये फ्रेंचांना अशाच पाण्याने थोपवले होते. पुढे 1794–95 च्या हिवाळ्यात पाणी गोठले आणि फ्रेंच बर्फावरून आत आले. रेषा उट्रेख्तच्या पूर्वेला सरकवण्याचे श्रेय बहुधा डच लष्करी अभियंता क्रायनहॉफ यांना दिले जाते. तरी जलअभियंता यान ब्लांकन यांच्या नावाशी जोडलेल्या पंखादारांचा विचार केल्याशिवाय ही योजना नीट समजत नाही. अशा दारात एकमेकांना काटकोनात जोडलेली दोन पाने असतात. मोठे पान भिंतीतल्या पाव वर्तुळाकार कोठीत फिरते. कोठीत उंच बाजूचे पाणी सोडले की नाही, यावर दार उघडते किंवा मिटते, तेही प्रवाहाच्या दाबाविरुद्ध. आस्परनजवळ लिंगे नदीवर असे दार पाहता येते.

1853 च्या कायद्याने किल्ल्याभोवती 300, 600 व 1000 मी. अशी वर्तुळे आखून बांधकामावर बंधने घातली. अगदी जवळच्या पट्ट्यात घर लाकडीच हवे, म्हणजे वेळ येताच जाळता येईल. त्यामुळे हा मुलूख आजही मोकळा आहे. सायकलस्वाराला मिळणारी क्षितिजापर्यंतची कुरणे ही मुळात तोफांच्या सोयीसाठी राखलेली जागा होय.

मे 1940 मध्ये विमानांपुढे पाणी निरुपयोगी ठरले.

वाट बहुतेक सपाट, बांधावरून जाणारी. क्रमांकित चौकांच्या पाट्यांवरून पुढची दिशा कळते. फेख्तनच्या किल्ल्यात संग्रहालय आहे. डीफडाइक या बांधावर 599 क्रमांकाचा काँक्रीटचा निवारा 2010 मध्ये मधोमध चिरला. फटीतून लाकडी पायवाट थेट पाण्यावर जाते आणि भिंतीची जाडी हाताने मोजता येते. दक्षिणेत गोरिंखम, वाउद्रिखम व लूव्हेस्टाइन यांच्यात सायकलीसह होडीने जावे लागते. 2021 मध्ये ही रेषा, ॲम्स्टरडॅमच्या जलरेषेला जोडून, जागतिक वारसा यादीत आली.