शेकाट्या एक की पाच? डोक्यावरच्या काळ्या रंगाचा वाद

उन्हाळ्यात मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांचा (जमीनदारांचा) तलाव, उतरला की शेकाट्या पाळीवरूनच दिसतो, भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला त्याचे ते गुलाबी काड्यांसारखे पाय सांगायची गरज नाही. पण हा पक्षी नेमका कोण, याचं उत्तर गेल्या काही दशकांत पक्ष्यांच्या जातींची यादी बदलली की बदलत आलंय.

जुनी गोष्ट थोडक्यात. १७५८ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय नाव पडलं तेव्हा तो चिखल्यांच्या गटात टाकला होता, दोनच वर्षांनी त्याला स्वतःची वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जातीच्या वरचा गट) मिळाली. नावाचा अर्थ ग्रीकमध्ये चामड्याच्या वादीसारख्या पायाचा. पुढं जगभरातून नमुने येत गेले आणि जो-तो नवीन नाव देत गेला, अमेरिकेतला वेगळा, ऑस्ट्रेलियातला वेगळा, १८८७ मध्ये हवाई बेटांवरचा वेगळा, अगदी १९४४ मध्ये श्रीलंकेतलासुद्धा वेगळा उपप्रकार म्हणून लिहिला गेला, तो आता आपल्याच शेकाट्यात धरतात.

मग उलटी लाट आली. बऱ्याच लेखकांनी हे सगळे एकाच जातीत कोंबले, युरोप-आफ्रिका-आशियापासून अमेरिका-ऑस्ट्रेलियापर्यंत एकच शेकाट्या, बाकी सगळे त्याचे उपप्रकार. कारण सरळ होतं, चोच तीच, पाय तेच, पंख तेच, फरक काय तर डोक्या-मानेवर काळा किती आणि पांढरा किती. आणि इथंच सगळी गुंतागुंत आहे.

मागच्या मे महिन्यात आमच्या तलावाच्या चिखलात अकरा शेकाटे मोजले. तिघांचं डोकं कापसासारखं पांढरं, दोघांच्या टाळूपासून मानेपर्यंत काळं, बाकीच्यांना कमीजास्त राखाडी. नर-मादीवरून लावावं तर तेही जमत नाही, नराची पाठ चकचकीत काळी आणि मादीची तपकिरी असते हे खरं, पण डोक्याचा रंग त्या हिशोबानं चालत नाही. एकाच थव्यात इतके प्रकार दिसतात तर मग डोक्यावरून जात कशी ठरवायची, असं एकत्रवाले विचारतात आणि आपल्याकडचे पक्षी बघितले तर त्यांचं म्हणणं पटतंसुद्धा.

पण मला वाटतं ते इथंच चुकतात, कारण आपला पक्षी बदलता आहे म्हणून बाकीचे पण बदलते असतील असं धरून चालत नाही. अमेरिकेतल्या शेकाट्याचं काळं टाळूवरून मानेवर आणि तिथून पाठीपर्यंत सलग उतरतं, डोळ्याच्या वर पांढरा ठिपका, आणि हे दरवेळी. दक्षिण अमेरिकेतल्याची टाळू पांढरी, मानेचं काळं आणि पाठीचं काळं यांच्या मधे पांढरा पट्टा. इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाकडच्याचं डोकं पांढरं आणि मानेमागं आयाळीसारखी काळी पट्टी. आणि न्यूझीलंडमधला एक तर पूर्ण काळा.

त्या काळ्याची गोष्ट नीट सांगायला पाहिजे. १९८१ मध्ये मोजदाद झाली तेव्हा फक्त २३ उरले होते. जोडीदार मिळेना म्हणून त्यातले काही ऑस्ट्रेलियाकडून येऊन वसलेल्या पांढऱ्या-काळ्या शेकाट्याशी जोडी लावत होते, पिल्लं मिश्र रंगाची. संकर होतो म्हणजे जात एकच, असं कोणी म्हणू शकतं. पण सगळे एकाच नावाखाली टाकले की जगभरात लाखो आहेत, काळजी नाही असा हिशोब होतो आणि ते २३ त्या लाखांत दिसेनासे होतात. तिकडं अंडी उबवून पिल्लं वाढवून सोडायचं काम सुरू झालं म्हणून आज तो पक्षी आहे.

आता बहुतेक याद्यांमध्ये आपला, ऑस्ट्रेलियाकडचा, न्यूझीलंडचा काळा आणि अमेरिकेतला हे चार वेगळे धरतात. दक्षिण अमेरिकेतला कोणी पाचवा मोजतं, कोणी उत्तरेतल्याचाच उपप्रकार म्हणतं. हवाईचा अमेरिकेतल्या जातीखाली गेलाय.

आपला शेकाट्या त्यामुळं दक्षिण युरोप, आफ्रिका ते भारत-चीन एवढ्या पट्ट्याचा उरला, तोही काही छोटा नाही. उथळ पाणी दिसलं की उतरतो, १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये त्यानं सांडपाण्याच्या शेतात घरटी केली होती. आपल्याकडं लोणारच्या खाऱ्या पाण्यातही दिसतो आणि धानाच्या बांधीतही. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पुढं गाळ साचत गेला. उथळ पाणी वाढलं ते याला चाललं, पण बेशरमीच्या झुडपांनी काठ बुजला की घरट्याला उघडा चिखल राहत नाही. आमच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, एक जोडी चार अंड्यांवर होती, भर दुपारी एक जण पाण्यात पोट बुडवून यायचा आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायचा, मग दुसरा निघायचा. त्या दोघांतल्या एकाचं डोकं पांढरं होतं, दुसऱ्याचं काळं.