टायरचा आकार आणि गाडीचा प्रत्यक्ष वेग

मूळ मापापेक्षा मोठे किंवा लहान टायर बसवल्यामुळे मोटारीचा खरा वेग आणि स्पीडोमीटरवरचा आकडा यांत पडणारा फरक. स्पीडोमीटर चाकाच्या किंवा गिअरबॉक्समधील शाफ्टच्या फेऱ्या मोजतो आणि एका फेरीत गाडी किती पुढे सरकते, याच्या कारखान्यात ठरवून दिलेल्या आकड्यावरून वेग काढतो. टायर बदलला तरी तो आकडा तोच राहतो.

मारुती स्विफ्टच्या वरच्या मॉडेलांत येणारा १८५/६५ आर१५ टायर घेऊ. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची तिच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. यावरून बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिमी येतो. त्याच रिमवर २०५/६५ टायर चढवला, की व्यास ६४७ मिमी होतो, म्हणजे ४ टक्के जास्त. आता मीटरवर ताशी १०० किमी दिसत असताना, मीटर मुळात अचूक असेल तर, गाडी १०४ ने धावत असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे आणि कॅमेरा खरा वेग टिपतो.

रिम मोठी म्हणजे चाक मोठे, हा समज चुकीचा आहे. १९५/५५ आर१६ ची रिम एक इंचाने मोठी, पण साइडवॉल बुटकी असल्याने बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो. अपसाइझ करताना, म्हणजे मोठ्या मापाची रिम किंवा टायर बसवताना, पाहायचा तो हा व्यास. त्यात ३ टक्क्यांहून जास्त फरक पडू देऊ नये, असा ढोबळ संकेत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्र. ३९ नुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. जास्त दाखवण्याची मुभा मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी इतकी आहे. म्हणून बहुतेक मीटर थोडा जास्तच आकडा दाखवतात. मोठा टायर सुरक्षिततेची ही राखीव जागा खाऊन टाकतो, त्यामुळे लहान टायरपेक्षा तो अधिक धोक्याचा. झिजण्याचा परिणाम उलटा होतो: ८ मिमीची नक्षी कायद्याने चालणाऱ्या किमान १.६ मिमीपर्यंत उतरली, तर व्यास सुमारे २ टक्क्यांनी घटतो आणि मीटर तेवढा पुढे पळतो.

मोठ्या टायरने गाडीचा कमाल वेग वाढेलच असे नाही. चाकाशी मिळणारा जोर कमी होतो, गाडी उचल घ्यायला मंदावते आणि घाटात खालचा गिअर लवकर टाकावा लागतो. ओडोमीटर, म्हणजे एकूण अंतर मोजणारा मीटरही त्याच प्रमाणात चुकतो: वरच्या उदाहरणात खऱ्या १० किमीला तो ९.६ किमीच नोंदवतो, त्यामुळे किलोमीटरवर ठरलेली सर्व्हिसिंग लांबते.