हौद्याचा तळ (मालट्रक) : जलरोधन व संरक्षण

मालट्रकमध्ये माल ज्यावर टेकतो तो हौद्याचा तळ. चासीवर आडवे टाकलेले लोखंडी चॅनल, त्यांवर फळ्या, प्लायवूड किंवा पत्रा आणि कडेने फाळके (हौद्याच्या उघडझाप होणाऱ्या बाजू) अशी त्याची मांडणी असते. भारतात बऱ्याच ट्रकची नुसती चासी कारखान्यातून येते आणि हौदा बॉडीवाल्याकडे बांधून घेतला जातो. तमिळनाडूतील नामक्कल-तिरुचेंगोडे पट्टा आणि पंजाबातील सरहिंद ही गावे या धंद्यासाठी देशभर ओळखली जातात. केबिन, बॉडी व ट्रेलर यांच्या बांधणीसाठी एआयएस-०९३ हे भारतीय वाहनउद्योगाचे मानक आहे. तरी तळाला आतून कोणता थर द्यायचा, हे बहुतेक वेळा मालक आणि बॉडीवाला मिळून ठरवतात. त्यामुळे एकाच वर्षी रस्त्यावर आलेल्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एकीचा तळ धड असतो आणि दुसरीचा चाळण झालेला असतो.

तळावर पाणी येण्याच्या वाटा अनेक आहेत. ताडपत्री फाटली की पाऊस आत येतो, हे सर्वांना दिसते. ओल्या मालातून निथळणारे पाणी, हौदा धुतानाचे पाणी, चाकांनी खालून उडवलेला चिखल आणि बंद बॉडीत रात्री छताला धरून सकाळी ठिबकणारा दमटपणा यांच्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. या सगळ्या वाटा बंद करता येत नाहीत. वरून पडून वाहून गेलेले पाणी तळाचे फारसे बिघडवत नाही. सांध्यात, बोल्टखाली, दोन पत्र्यांच्या मध्ये अडकून राहिलेले पाणी मात्र तळाला खाते. म्हणून जलरोधनाचा विचार करताना थर कोणता द्यायचा याच्या आधी पाणी कुठून बाहेर जाणार, हे पाहावे लागते.

रिकाम्या ट्रकचे मागचे कमानपाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मोकळे असल्याने मागची बाजू बहुधा किंचित उंच राहते आणि पाणी केबिनकडच्या कोपऱ्यांत जमते. माल भरला की उतार बदलतो. त्यामुळे निचऱ्याची भोके फक्त मागच्या फाळक्यापाशी ठेवून भागत नाही, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतही ती लागतात. भोकाची कापलेली कड रंगवून घ्यावी आणि खाली वीतभर नळी सोडावी. नळी नसेल तर ते पाणी नेमके चॅनलवरून ओघळत वायरिंग आणि ब्रेकच्या पाइपांपर्यंत जाते.

लाकडी तळ. साग, साल, बाभूळ अशा लाकडांच्या फळ्या पूर्वी सर्रास वापरत आणि अजूनही वापरतात. लाकडावर पोती घसरत नाहीत, खिळा ठोकता येतो, एखादी फळी मोडली तर तेवढीच बदलता येते. लाकडातील ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, हे लाकूडरक्षणाचे मूळ सूत्र आहे. फळीच्या पृष्ठभागापेक्षा तिची कापलेली टोके कितीतरी वेगाने पाणी ओढतात. पण रंगाऱ्याचा ब्रश नेमका टोकांपाशी थांबतो, कारण फळ्या बसवून झाल्यावर रंगकाम होते आणि तोवर टोके चॅनलमध्ये लपलेली असतात. फळ्या बसवण्याआधी टोके, खालची बाजू आणि बोल्टची भोके दोन हात तेल किंवा प्रायमर पाजून घेतली तर तळाचे आयुष्य वाढते, आणि त्याचा खर्च अगदी किरकोळ असतो. लाकूड पाण्याने आडवे फुगते, लांबीत जवळजवळ वाढत नाही. त्यामुळे सुक्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या तर पावसाळ्यात त्या उचलतात आणि बोल्ट ओढतात.

प्लायवूड घेताना आयएस ७१० या भारतीय मानकाचा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का पाहावा. या प्रकारातील डिंक फिनॉलिक असतो आणि नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासला जातो. न्हावा शेवा बंदरातून ये-जा करणाऱ्या मालवाहू कंटेनरांचा तळ साधारण २८ मिलिमीटर जाडीच्या अशाच प्लायचा असतो. फोर्कलिफ्ट आत शिरते म्हणून ७,२६० किलो धुरीभाराने (एका आसावरच्या चाकांवर येणाऱ्या भाराने) त्याची चाचणी घेतात. इतका दणकट तळही कडेचे सीलंट (फट बुजवणारा लेप) सुटले की तिथूनच भुसभुशीत व्हायला लागतो.

जुन्या फळ्यांना जळके ऑइल किंवा डांबर फासण्याची रीत आहे. पाणी त्याने काही काळ अडते. मात्र इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये धातूंचे कण आणि कर्करोगकारक घटक उतरलेले असतात. ज्या हौद्यात उद्या ज्वारी किंवा भाजी भरायची आहे, तिथे ते मुळीच लावू नये. कच्चे जवसाचे तेल हळू वाळते आणि दरवर्षी लावावे लागते, तरी अन्नधान्याच्या गाडीसाठी तेच बरे.

लोखंडी तळ. साधा पत्रा किंवा नक्षी उठवलेली चेकर्ड प्लेट चॅनलवर वेल्ड करतात. ४ मिलिमीटर जाडीचा साधा पत्रा चौरस मीटरला सुमारे ३१ किलो भरतो, म्हणजे २० बाय ८ फुटांच्या हौद्याला साधारण ४६५ किलो. तळ टिकावा म्हणून जाडी वाढवावी, तर तेवढा माल कमी भरावा लागतो. म्हणूनच जाडीपेक्षा संरक्षणावर खर्च करणे हिशेबात बसते.

लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ धातूच्या कित्येक पट होते. दोन पत्र्यांच्या फटीत गंज धरला की तो फुगून वेल्ड उचकटतो. तळ सडल्यावर जुन्या पत्र्यावरच नवा पत्रा मारून देणे ही गॅरेजमधली सर्वांत प्रचलित आणि सर्वांत नुकसानीची दुरुस्ती आहे. वरून तळ नवा दिसतो, मधे ओल कोंडते, आणि नवा पत्रा खालच्या बाजूने पहिल्यापेक्षा लवकर जातो. सडलेला भाग कापून काढावा, चॅनलची वरची बाजू घासून रंगवावी आणि मगच नवा पत्रा घालावा. चासी आणि बॉडी यांच्यामधल्या लाकडी किंवा रबरी पॅकिंगखालीही असाच गंज दडतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरला तर वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते. तिथे झिंकयुक्त प्रायमर पुन्हा लावावा लागतो. जस्ताचा धूर छातीत गेला तर वेल्डरला ताप भरतो, त्यामुळे सांध्यापुरते जस्त आधी घासून घेणे आणि उघड्यावर काम करणे आवश्यक आहे.

रेड ऑक्साइड प्रायमरवर एनॅमल रंग हा नेहमीचा लेप स्वस्त आहे, पण पेट्या घसटल्या की महिनाभरात निघतो. इपॉक्सीची पकड उत्तम असते. उन्हात मात्र ती पांढुरकी पडते. पॉलियुरियाचा फवारा काही सेकंदांत घट्ट होतो आणि सांध्यासकट रबरासारखे अखंड कातडे तयार करतो. त्यातील आयसोसायनेट श्वासाला घातक असल्याने तो मुखवट्याविना मारू नये. यांपैकी कोणताही लेप गंजावर, तेलावर किंवा ओलीवर धरत नाही. आधी वाळूफवारा किंवा निदान तारेच्या चाकाने पत्रा उघडा करावा, सांधे सीलंटने भरावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. पत्र्याच्या खड्ड्यांत नुसती लांबी (पुटी) भरून वर रंग मारला, तर लांबी स्वतःच पाणी धरते. सुटी रबरी मॅट मार झेलते खरी, पण तिच्याखाली पाणी आठवडेच्या आठवडे राहते; ती उचलून वाळवायची सवय नसेल तर न घातलेली चांगली.

माल आणि तळ. कोणता माल वाहायचा यावर संरक्षण ठरते. सिमेंटच्या गोण्यांना ओल खालून लागते, म्हणून तळावर ताडपत्री किंवा लाकडी पट्ट्या टाकतात. उसाचा रस फळीत मुरून आंबतो. युरिया आणि मीठ हवेतले पाणी ओढतात. सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला मीठ पाघळू लागते, आणि कोकणात पावसाळाभर हवा त्याहून दमट असते. मिठाची एक खेप उतरवल्यावर हौदा नुसता झाडून भागत नाही, गोड्या पाण्याने धुवून उन्हात वाळवावा लागतो.

मासळीची वाहतूक ही यातली सर्वांत अवघड बाब. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून किंवा मुंबईच्या ससून डॉकवरून निघालेल्या गाडीत बर्फ वितळत राहतो, त्यात खारे पाणी, रक्त आणि खवले मिसळतात. इथे तळ फायबर ग्लासचा, भिंतीवर वीतभर चढवलेला, कोपरे गोलाकार असा अखंड हवा. निचरा रस्त्यावर न सोडता टाकीत घ्यावा, कारण या पाण्यावरून दुचाकी घसरतात. २०१८ मध्ये मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे घातक रसायन वापरल्याच्या वादानंतर गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीसाठी इन्सुलेटेड (थंडावा टिकवणाऱ्या) गाड्यांची अट घालण्यात आली. अशा बॉडीत तळाच्या आत फोम असतो. लेपाला एक भोक पडले तरी फोम पाणी पितो, गाडीचे वजन वाढते, थंडावा टिकत नाही आणि वास कशानेही जात नाही. शीतगृह-ट्रेलरमध्ये इंग्रजी टी आकाराच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचा तळ असतो. त्यांच्या मधल्या खाचांतून गार हवा फिरते आणि पाणीही वाहते. ॲल्युमिनियम आणि लोखंड थेट भिडले तर ओलीत ॲल्युमिनियम झिजते, म्हणून मध्ये रबर किंवा लेप घालतात.

केबिनचा तळ. येथे पाणी दाराच्या झिजलेल्या रबरातून, काचेच्या पॅकिंगमधून, पेडल व गिअरच्या भोकांतून आणि वातानुकूलन यंत्राच्या तुंबलेल्या नळीतून येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची असल्याने ही शेवटची वाट वाढणार आहे. मॅटखालचा नमदा (जाड लोकरी थर) एकदा भिजला की वरून कोरडा वाटतो आणि खाली पत्रा व वायरिंगचे अर्थ-जोड गंजत राहतात.

तपासणीची योग्य वेळ पावसाळा सरल्यावरची. गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन चॅनल आणि पत्र्याच्या सांध्यावर हातोडीने हलके ठोकावे. धड लोखंड खणखणते, खाल्लेले बद्द वाजते. लाकडात पेचकस रुतवून पाहावा. तो सहज आत गेला तर ती फळी त्याच दिवशी उतरवावी, कारण शेजारच्या दोन फळ्यांच्या कडा बहुधा भिजू लागलेल्या असतात.