उन्हाळी नोकरीत कापलेला टीडीएस परत कसा मागायचा

एप्रिल ते जून २०२५ मध्ये कुठे तात्पुरतं काम केलं असेल आणि टीडीएस (पैसे देण्याआधीच मालकाने कापून सरकारात भरायचा प्राप्तिकर) कापून पैसे हातात आले असतील, तर त्याचा परतावा मागायची मुदत पगारावरच्या कपातीसाठी ३१ जुलै २०२६ आहे, 'प्रोफेशनल फी'वरच्या कपातीसाठी ३१ ऑगस्ट २०२६. २०२५ चा जुलै नव्हे. वडोदऱ्यातली मुलं दरवर्षी पहिली ठेच इथेच खातात. काम जूनमध्ये संपतं, जुलैत जिकडेतिकडे 'रिटर्न भरा'चा गलबला असतो, मग घाईघाईने आदल्या वर्षाचा फॉर्म उघडून त्यात या उन्हाळ्याची कपात लिहिली जाते. आयकर खात्याचा संगणक त्या वर्षाच्या नोंदी तपासतो, त्याला काही सापडत नाही आणि परतावा शून्य येतो. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून ही कमाई २०२५-२६ ची आणि तिचं असेसमेंट इयर, म्हणजे तिचा कर-हिशेब होतो ते पुढचं वर्ष, २०२६-२७. फॉर्मवर हेच वर्ष निवडायचं. मार्चमध्येच कामाला लागला असाल तर मार्चचा पगार सहसा आदल्या वर्षात मोजला जातो, तेवढं लक्षात ठेवा.

गोंधळात भर म्हणजे १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे. त्यात असेसमेंट इयर जाऊन 'कर वर्ष' आलं, कलमांचे आकडेही बदलले. गेल्या उन्हाळ्याच्या कमाईला मात्र १९६१ चाच कायदा लागतो, आणि खालची कलमं त्यातलीच आहेत. या उन्हाळ्यात काम करणाऱ्यांनी ती पाठ करू नयेत.

परतावा कोणाला? वर्षाचं एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल त्याला कापलेली सगळी रक्कम मिळते. २०२५-२६ साठी ही मर्यादा नव्या करपद्धतीत ४ लाख रुपये आहे, जुन्या पद्धतीत अडीच लाख. दोन-तीन महिने काम केलेला विद्यार्थी यात आरामात बसतो. एवढ्या उत्पन्नावर रिटर्न भरायची एरवी सक्ती नसते. पण परतावा हवा तर भरावंच लागतं, आपण होऊन कोणी पैसे पाठवत नाही.

पगार की 'फी'?

मकरपुरा जीआयडीसीतला कारखाना असो की अलकापुरीतलं ऑफिस, तुम्हाला पैसे कोणत्या नावाने दिले यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि ते नाव मुलांना कोणी सांगत नाही. समजा महिना २२,००० प्रमाणे तीन महिन्यांचे ६६,००० झाले. पगार म्हणून दिले तर मालकाने वर्षभराच्या उत्पन्नाचा अंदाज धरायचा असतो, म्हणजे कपात शून्य. ठेक्याचं काम म्हणून दिले तर एका वेळी ३०,००० किंवा वर्षात एक लाख ओलांडल्याशिवाय कपात नाही, म्हणजे पुन्हा शून्य. पण 'प्रोफेशनल फी' म्हणून १९४जे कलमाखाली दिले तर वर्षाला ५०,००० च्या वर गेल्याने १० टक्के, म्हणजे ६,६०० रुपये कापले जातात. काम तेच, टेबल तेच, हजेरीची वहीही तीच. पगारपत्रकात नाव चढवायचा खटाटोप नको म्हणून कित्येक ठिकाणी हा सोपा मार्ग धरतात, आणि त्याचा भुर्दंड बावीस हजार कमावणाऱ्या पोराला.

यामुळे फॉर्मही बदलतो. पगारावर कपात झाली असेल तर रिटर्नचा आयटीआर-१ हा फॉर्म पुरतो. कपात १९४जे खाली असेल तर तो चालत नाही, आयटीआर-४ किंवा आयटीआर-३ लागतो. 'पगारच तर होता' म्हणून आयटीआर-१ भरला की नोंदी जुळत नाहीत आणि नोटीस येते. नोटीस पाहून घाबरू नका, दुरुस्त रिटर्न भरता येतं. पण पहिल्यांदाच नीट भरलं तर बरं.

आणखी एक सल्ला कॉलेजच्या कट्ट्यावर हमखास मिळतो, '१५जी भरून दे, कापणार नाहीत'. १५जी मुख्यतः बँकेच्या व्याजासारख्या उत्पन्नासाठी असतो. पगार, ठेका, फी यांना तो लागूच होत नाही. पगार असेल तर कामावर रुजू होतानाच वर्षाचं एकूण उत्पन्न किती होईल ते मालकाला लेखी द्या, तेवढं पुरतं.

पगारपावती नव्हे, २६एएस

आयकर खातं पैसे परत करतं ते तुमच्या पॅनवर जमा दिसणाऱ्या नोंदीवरून. म्हणून ई-फायलिंग पोर्टलवर (खात्याच्या रिटर्न भरायच्या संकेतस्थळावर) आधी २६एएस आणि एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवरच्या कपातीचे आणि उत्पन्नाचे उतारे, उघडून पाहा. तिथे कपात दिसते? मग निम्मं काम झालं. मालकाकडून पगारासाठी फॉर्म १६ हा कपातीचा दाखला मिळतो, तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. फी किंवा ठेका असेल तर १६ए. एप्रिल-जून तिमाहीचा १६ए त्याच वर्षी १५ ऑगस्टपर्यंत मिळायला हवा होता.

नोंद दिसत नसेल तर तीनपैकी एक कारण असतं. मालकाने पैसे भरले नाहीत, भरले पण तिमाही विवरण दिलं नाही, किंवा पॅन चुकीचा टाकला. तिन्ही दुरुस्त्या त्यानेच करायच्या आहेत. रेसकोर्स सर्कलच्या आयकर भवनात खेटे घालून हे सुटत नाही. अकाउंट्सवाल्याला ईमेल करा, तोंडी सांगू नका. विवरण उशिरा दिल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं हे त्याला ठाऊक असतं. आठवण करून दिली की काम जरा लवकर होतं. पगारपावती आणि बँकेचं पासबुक मात्र जपून ठेवा.

पॅन दिलाच नसेल तर फीमधून २० टक्के जातात, वरच्या उदाहरणात १३,२००. आणि ती रक्कम कोणाच्याच नावावर दिसत नाही. अठरा पूर्ण झालेल्यांना आधारवरून ई-पॅन फुकट मिळतो, फक्त आधारला मोबाइल जोडलेला हवा. अठराच्या आतल्यांना ही सोय नाही, त्यांनी नेहमीचा अर्ज करायचा. त्यांच्या मेहनतीची कमाई आईवडिलांच्या उत्पन्नात धरली जात नाही, पण रिटर्न पालकाने प्रतिनिधी म्हणून भरायचं असतं. पोर्टलवरची ती मंजुरी लगेच येत नाही, म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. दरम्यान अठरा पूर्ण झाली असतील तर पॅनवर फोटो आणि सही चढवून घ्या.

नावांचा घोळ आपल्याकडे जास्तच. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, बँकेत वडील रमेश असताना 'रमेशभाई', एका कागदावर जाधव तर दुसऱ्यावर जादव. परतावा जमा होण्यासाठी बँक खातं पोर्टलवर पडताळलेलं लागतं, आणि तिथे बँकेतलं नाव पॅनशी जुळावं लागतं. आधी हे तपासा, बाकी रकाने अर्ध्या तासात भरून होतात.

पगारपावतीवर २०० रुपये 'पीटी' दिसले तर ते यात धरू नका. गुजरातेत महिना १२,००० च्या वर पगार असला की हा व्यवसाय कर लागतो, तो परत मिळत नाही. पीएफचाही या परताव्याशी संबंध नाही.

झेरॉक्सच्या दुकानात रिटर्न भरून घेत असाल तर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाकायला लावा. दुकानदाराचा टाकला की पुढची प्रत्येक नोटीस त्याच्याकडे जाते. खोट्या वजावटी दाखवून जास्त काढून देतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच नमस्कार. सही तुमची असते, पुढे जाब तुम्हालाच विचारतात.

भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, म्हणजे रिटर्न तुमचंच असल्याची ऑनलाइन खात्री द्या. आधारचा ओटीपी बाबांच्या नंबरवर जात असेल तर ते घरी असताना बसा. मुदत हुकलीच तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. उत्पन्न मर्यादेच्या आत असल्यास त्यावर विलंब शुल्क नाही. फक्त परताव्यावरचं व्याज मग १ एप्रिलऐवजी रिटर्न भरल्याच्या तारखेपासून मोजतात.