सिझरनंतर वरचा टाका भरला, पण आतला?

सिझर झालेल्या बाईला जो तो एकच विचारतो, टाका भरला का गं? माझ्या वेळी मी पण तीन आठवड्यांत सगळ्यांना "हो, मस्त भरला" सांगत सुटले होते, आरशात बघितलं तर एक बारीक लाल रेघ, पाणी नाही पू नाही, म्हणजे झालं की बरं. पण तो फक्त कातडीचा टाका होता, आणि आपण नेमकं त्याच्यावरून सगळं ठरवतो.

सिझरमध्ये कातडी, मग चरबी, त्याखालचं पांढरं घट्ट आवरण, पोटाचं पातळ अस्तर आणि शेवटी गर्भपिशवी एवढे थर उघडतात (स्नायू बहुतेक वेळा कापत नाहीत, बाजूला सारतात), आणि हे सगळे थर काही एकाच वेळी भरत नाहीत.

कातडीचं काम लवकर उरकतं. दोन दिवसांत कडा चिकटतात, 10-14 दिवसांत टाका सुकतो. मग पुढचे कितीतरी महिने तो लाल, जांभळट दिसतो, खाजतो, आणि हळूहळू फिका पडतो. टाक्याच्या वरच्या बाजूला बोट फिरवलं की काहीच कळत नाही, दुसऱ्याच कुणाच्या अंगाला हात लावतोय असं वाटतं, कारण बारीक नसा कापल्या जातात. मला तर याचीच जास्त भीती वाटली होती, पण हे नॉर्मल आहे, बहुतेकींचं महिन्यांनी कमी होतं. टाका जाड झाला पण रेघेतच राहिला तर तो बरेचदा आपोआप बसतो, रेघ सोडून बाजूच्या चांगल्या कातडीवर पसरत गेला तर तो कीलॉइड, तो स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि ताप, पू, वास, वाढत जाणारी लाली असेल तर त्याच दिवशी दाखवा, उद्या नाही.

आतलं मात्र दिसतच नाही ना. पांढऱ्या आवरणाला 6 आठवड्यांनीसुद्धा मूळच्या साधारण निम्मीच ताकद आलेली असते, म्हणून तर शिंक आली की पोटावर उशी दाबायची आणि बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. गर्भपिशवी 6 आठवड्यांत आकाराने आधीसारखी होते पण तिच्यावरचा व्रण पक्का व्हायला निदान 6 महिने लागतात, आणि पुढचं मूल खूप लवकर आलं, म्हणजे दोन डिलिव्हरींमध्ये दीड वर्षही नसेल, तर कळा सुरू झाल्यावर तो जुना टाका उसवायचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटना तर डिलिव्हरीनंतर 24 महिने थांबूनच दिवस राहू द्या म्हणते.

आणि इथेच दुसरा घोळ होतो, पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत असं धरून चालतात. अंड आधी सुटतं आणि पाळी नंतर येते हो! अंगावर पाजत नसाल तर महिन्याभरातसुद्धा सुटू शकतं. पाजण्याने संरक्षण मिळतं हे खरं, पण बाळ 6 महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच, आणि तेव्हाही 100 मधल्या दोघींना राहू शकतात.

दिवस राहू नयेत म्हणून पिशवीत बसवतात ती कॉपर टी टाक्याला घासेल ही भीती खूप जणींना असते, पण ती पिशवीच्या वरच्या भागात बसते आणि सिझरचा छेद बहुतेक वेळा खालच्या भागात असतो. ती ऑपरेशनच्या वेळीच बसवता येते, नाहीतर साधारण 6 आठवड्यांनी. नेहमीच्या दोन हार्मोनवाल्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका, पहिले 6 आठवडे रक्ताच्या गुठळीचा धोका असतो, पाजत असाल तर 6 महिने शक्यतो टाळतात, त्याऐवजी एका हार्मोनची गोळी मिळते. कंडोम तर आहेच.

आणि लवकर दिवस राहिलेच असतील तर घाबरून लपवू नका. आधीच्या सिझरची तारीख घेऊन लगेच डॉक्टरकडे जा, सोनोग्राफीत गर्भ जुन्या टाक्यावर तर रुजला नाही ना हे सुरुवातीलाच बघता येतं.