झाकणाखालचा कोळी

वांग्याच्या पानामागे पडणारा लाल कोळी कोल्हापूरच्या शेतकऱ्याला नवा नाही. मधपेटीत शिरणारा वरोवा हाही एक कोळीच. आठ पाय, तपकिरी-लाल रंग, लांबी साधारण 1.1 मिलिमीटर आणि रुंदी 1.6 मिलिमीटर, म्हणजे खेकड्यासारखा आडवा. लाल कोळी पान उलटलं की दिसतो. वरोवा मात्र पेटी उघडून बघितली तरी बहुतेक वेळा दिसत नाही, कारण पिल्लांचा हंगाम जोरात असताना त्यातले अर्ध्याहून बरेच जास्त मेणाच्या झाकणाखाली, कोशात बसलेले असतात. म्हणून माश्यांच्या पाठीवर कोळी दिसायला लागला, तेव्हा वसाहत आधीच हाताबाहेर चाललेली असते.

औषधाचा विचार करण्याआधी पेटीत माशी कोणती आहे ते बघायचं. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. त्या पट्ट्यात आणि राधानगरी, आजरा, चंदगडच्या डोंगरात सातेरी ही इथली मूळची माशी. मेलिफेरा ही युरोपीय माशी, 1960 च्या दशकात पंजाब-हिमाचलात रुजवली गेली आणि तिथून देशभर पसरली. वरोवा मूळचा सातेरीच्याच जातीवरचा. 1904 मध्ये जावा बेटावरच्या माश्यांवर त्याची पहिली नोंद झाली. मेलिफेराला मारणारा कोळी ही वेगळीच जात आहे, हे मात्र 2000 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अँडरसन आणि ट्रूमन यांनी दाखवून दिलं.

हजारो वर्षं सोबत राहिल्यामुळे सातेरीने या कोळ्याशी जमवून घेतलंय. तो तिच्याकडे फक्त नर पिल्लांच्या घरात, म्हणजे पोळ्यातल्या कप्प्यात वाढतो. कामकरी पिल्लाला लागला तर ते पिल्लू लवकर मरतं, माश्या ते बाहेर काढून टाकतात आणि कोळ्याची वीणही तिथेच संपते. नराच्या घरात जास्त कोळी शिरले तर अशक्त झालेल्या नराला कोश फोडता येत नाही. माश्या ते घर तसंच बंद राहू देतात आणि कोळी आत गाडले जातात. सातेरीच्या नर-घराच्या टोपीला मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. ते पाहून नवा माणूस रोग समजून घाबरतो. ती त्या माशीची नेहमीची रचना आहे. सातेरीच्या पेटीत उग्र आम्ल ठेवू नये. या कोळ्यासाठी त्याची सहसा गरज नसते आणि वासाने सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते. पुढचं सगळं मेलिफेरासाठी.

मेलिफेराला हे संरक्षण नाही. कोळ्याची मादी घर बंद होण्याच्या काही तास आधी आत शिरते आणि अळीच्या खाद्यात बुडून बसते. झाकण बसल्यावर सुमारे 60 ते 70 तासांनी पहिलं अंडं घालते, त्यातून नर निघतो. मग साधारण तीस-तीस तासांनी एकेक मादी. कामकरी माशीचं घर 12 दिवस बंद असतं, तेवढ्यात एखादी-दुसरी लेक पूर्ण वाढते. नराचं घर 14-15 दिवस बंद असतं, तिथे जास्त लेकी वाढतात. म्हणून कोळी नर-घरांकडेच ओढला जातो. तो माशीचं मेदपिंड खातो, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पुढे आणलं. आपल्या शरीरात यकृत जे काम करतं, त्यातलं बरंचसं माशीत हा अवयव करतो. त्यातच कोळी विषाणू टोचतो. दारासमोर आखडलेल्या पंखांच्या, उडता न येणाऱ्या तरुण माश्या फिरताना दिसल्या तर ते त्या विषाणूचं काम समजावं.

पेटी उघडताना धुरासाठी वाळलेलं गोणपाट किंवा नारळाची सोडणं चालतात. दारातून दोन-तीन फुंका द्याव्यात, मिनिटभर थांबावं, मग झाकण काढावं. सगळ्यात कडेची चौकट आधी काढून बाजूला ठेवावी. जागा झाल्यावरच आतल्या चौकटी सरकवून सरळ वर उचलाव्यात, नाहीतर दोन पोळ्यांच्या मध्ये राणी चिरडते. चौकट पेटीच्या वरच धरावी, म्हणजे राणी पडलीच तर आत पडेल. सूर्य पाठीमागे असला की घराच्या तळाशी उभं अंडं दिसतं. अंडं दिसलं म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती, तिला शोधत बसायची गरज नाही. चौकटी परत लावताना क्रम आणि तोंड तेच ठेवावं. पिल्लांच्या भागाचं तापमान माश्या 34-35 अंश राखतात, म्हणून पावसाच्या झडीत पेटी उघडून ठेवू नये.

आता मोजणी. मधपाळाने सगळ्यात आधी हीच शिकावी असं आमचं ठाम मत आहे, कारण न मोजता दिलेलं औषध एकतर वाया जातं किंवा उशिरा पोचतं. राणी असलेली चौकट आधी बाजूला ठेवायची. मग उघड्या अळ्या असलेल्या चौकटीवरून अर्धा कप, म्हणजे 120 मिलिलिटर माश्या बरणीत झटकायच्या. त्या साधारण 300 भरतात. पिल्लांना भरवणाऱ्या माश्यांवरच कोळी जास्त असतो, म्हणून चौकट तीच हवी. बरणीच्या तोंडाला झाकणाऐवजी 3 मिलिमीटरची जाळी लावलेली असावी. दोन मोठे चमचे पिठीसाखर जाळीतून आत टाकून बरणी मिनिटभर हळू गडगडवायची, दोन मिनिटं सावलीत ठेवायची, मग उलटी करून पांढऱ्या ताटात जोरात हलवायची. ताटात पाणी शिंपडलं की साखर विरघळते आणि तपकिरी ठिपके उरतात. 300 माश्यांत 9 कोळी, म्हणजे शंभरात 3, निघाले तर उपचार लांबवू नये. साखर घरीच मिक्सरमधून काढावी, कारण बेकरीच्या आयसिंग साखरेत मक्याचं पीठ असतं. जुलैच्या दमट हवेत ओलसर झालेली साखर गोळे धरते, कोळी सुटत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. साखर लागलेल्या माश्या पेटीत परत सोडल्या की बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात.

पण इथे वरोवा एकटा नाही. ट्रॉपिलेलॅप्स नावाचा दुसरा कोळी मूळचा आग्यामोहोळाचा. आणि पाण्याच्या टाकीला, जुन्या वडाला लटकलेली आग्यामोहोळं जिल्ह्यात कमी नाहीत. हा जेमतेम मिलिमीटरभर लांब, बारीक आणि पोळ्यावरून सुरकन पळणारा. मोठ्या माशीवर तो जगू शकत नाही, त्याला पिल्लंच लागतात. त्यामुळे साखरेच्या चाचणीत तो क्वचितच पडतो आणि 'शून्य' आकडा पाहून माणूस निर्धास्त होतो. त्याच्यासाठी माश्या झटकलेली पिल्लांची चौकट पांढऱ्या ट्रेच्या कडेवर आपटावी आणि ट्रेमध्ये काय पळतंय ते पाहावं. याचा तोटा हाच आपला फायदा: राणीला पिंजऱ्यात बंद करून पिल्लं काही दिवस पूर्ण थांबवली की तो उपाशी मरतो. वरोवा मात्र मोठ्या माशीवर तग धरतो.

झाकणाखाली पोचणारं औषध फॉर्मिक आम्ल. त्याची वाफ मेणाच्या टोपीतून आत जाते. 85 टक्क्यांचं 5 मिलिलिटर आम्ल इंजेक्शनच्या लहान बाटलीत घालून कापसाची वात बसवावी, बाटली तळपाटावर ठेवावी, रिकामी होईल तशी भरावी आणि दोन ते तीन आठवडे चालू ठेवावी, म्हणजे बंद घरांची एक पूर्ण फेरी आवाक्यात येते. मधकोठी, म्हणजे मध साठवायचा वरचा मजला, पेटीवर असताना हे करू नये. हवा 30 अंशांच्या वर गेली की वाफ एकदम सुटते, राणी मरते, अळ्याही जातात. एप्रिल-मेमधलं कोल्हापूर म्हणूनच या औषधासाठी बाद. जूनमध्ये शेवटचा मध काढून हवा निवली की पहिली फेरी, आणि पावसाळा संपताना, ऑक्टोबरातली वाढ सुरू होण्याआधी दुसरी. बाटली भरताना रबरी हातमोजे, चष्मा आणि वाऱ्याकडे पाठ हवीच. हे आम्ल कातडी भाजतं आणि वाफ फुप्फुसात गेली तर धोका मोठा.

ऑक्झॅलिक आम्ल टोपीतून आत जात नाही, म्हणून ते पिल्लं नसतानाच कामाचं. राणीला 24 दिवस पिंजऱ्यात ठेवलं की नरांसकट सगळी पिल्लं बाहेर पडतात आणि सगळे कोळी उघड्यावर येतात. तेव्हा साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेल्या एक लिटर पाकात 35 ग्रॅम ऑक्झॅलिक विरघळवून, माश्या असलेल्या प्रत्येक दोन चौकटींमधल्या फटीत 5 मिलिलिटर सोडावं. एका पेटीला 50 मिलिलिटरपेक्षा जास्त नाही आणि त्याच माश्यांना लगेच पुन्हा नाही, त्यांना ते झेपत नाही. शेतात फवारायचं कीटकनाशक कापडाला लावून पेटीत ठेवण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो करू नये. ते मेणात उतरतं, मेणातून मधात, आणि वरोवा त्याला सरावतो.

नर-घरांचा सापळा औषधाविना चालतो. पिल्लांच्या भागात एक रिकामी चौकट द्यावी, माश्या तिच्यावर मोठी नर-घरं बांधतात. घरं बंद झाली की चौकट काढून कापून टाकावी. तारीख पेटीवर खडूने लिहून ठेवावी, कारण नर 24 व्या दिवशी बाहेर पडतो आणि चौकट विसरली तर आपणच कोळ्याची पैदास करून दिलेली असते.

उपचारानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजणी. आकडा उतरला नसेल तर शेजारच्या पेट्या बघाव्यात. पावसाळ्यात फुलोरा नसतो आणि उसातून मकरंद मिळत नाही, त्यामुळे भुकेल्या माश्या अशक्त पेट्या लुटतात. लुटलेल्या मधासोबत कोळीही घरी येतो. अशा वेळी दार दोन माश्या शेजारी-शेजारी जातील इतकंच ठेवावं, पाक संध्याकाळी आणि पेटीच्या आतच द्यावा, एक थेंबही बाहेर सांडू देऊ नये. गुऱ्हाळं सुरू झाली की माश्या काहिलीकडे धावतात आणि रसात बुडून मरतात, म्हणून नव्या पेट्यांची जागा गुऱ्हाळापासून लांबच निवडावी.