पार्श्वभूमी : जुन्या दुकानांचे पाडकाम, रहिवाशांचा विरोध आणि अमेरिकेतील १९५४चा एक निकाल

वस्तीतील जुनी दुकाने पाडून त्या जागी नवे बांधकाम करण्याचा प्रस्ताव आला की रहिवासी एकत्र येतात, सह्या गोळा होतात, हरकती नोंदवल्या जातात आणि सुनावणीच्या दिवशी सभागृह भरून जाते. अशा मोहिमांमध्ये एक अडचण आरंभापासूनच असते आणि ती लक्षात घेतल्याशिवाय या वादाचा इतिहास उलगडत नाही. रहिवाशांना दुकान वाचवायचे असते, पण कायद्याच्या हाती वाचवण्याजोगी असते ती इमारत. नगररचनेचा कायदा परिसराचा विचार करतो, वारसा-संरक्षणाचा कायदा भिंती, छप्पर आणि दर्शनी भाग पाहतो, भाडेकरूंविषयीचा कायदा करार आणि त्याची मुदत तपासतो. या तिन्हींच्या मध्ये जो चालता व्यवहार असतो, म्हणजे दुकानदार, त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक आणि त्यांच्यात वर्षानुवर्षे रुजलेला विश्वास, त्याला अगदी अलीकडेपर्यंत स्वतंत्र कायदेशीर स्थान नव्हते. आजच्या बहुतेक मोहिमा याच पोकळीत अडकतात.

वारसा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय विचाराची सुरुवात स्मारकांपासून झाली. १९३१च्या अथेन्स सनदेचा भर ऐतिहासिक स्मारकांच्या जीर्णोद्धारावर होता. १९६४च्या व्हेनिस सनदेने साध्या, पण काळाच्या ओघात सांस्कृतिक महत्त्व लाभलेल्या वास्तूंनाही संरक्षणाच्या कक्षेत घेतले आणि वास्तूचा समाजोपयोगी वापर होत राहिला तर तिचे जतन सुकर होते, असेही नमूद केले. मात्र तो वापर पूर्वीचाच असला पाहिजे, अशी अट तिने घातली नाही. त्यामुळे किराणा दुकानाच्या जागी चित्रदालन आले, तरी सनदेच्या दृष्टीने वास्तूचे जतन झालेलेच असते.

याच काळात दुसऱ्या बाजूने पुनर्विकासाचा कायदा आकार घेत होता, आणि दुकानांच्या प्रश्नावर त्याचा परिणाम वारसा-कायद्यापेक्षा अधिक खोल झाला. १९४५ साली अमेरिकेच्या राजधानीसाठी, म्हणजे वॉशिंग्टनसाठी, पुनर्विकासाचा एक कायदा संमत झाला. मोडकळीस आलेल्या वस्त्यांतील जमीन सक्तीने संपादित करावी, ती मोकळी करावी आणि आराखड्यानुसार बांधकाम करण्याच्या अटीवर खासगी विकासकांना विकावी किंवा भाडेपट्ट्याने द्यावी, असा अधिकार त्याने एका शासकीय यंत्रणेला दिला. पहिला प्रकल्प म्हणून शहराच्या नैर्ऋत्य भागातील एक पट्टा निवडण्यात आला. तेथे ५,०१२ लोक राहत होते आणि त्यांपैकी ९७.५ टक्के कृष्णवर्णीय होते. पाहणीनुसार ६४.३ टक्के घरे दुरुस्तीच्या पलीकडे गेली होती, ५७.८ टक्के घरांची शौचालये घराबाहेर होती, ६०.३ टक्के घरांत स्नानाची सोय नव्हती आणि २९.३ टक्के घरांत वीज पोहोचलेली नव्हती. घरांची ही अवस्था न्यायालयात वादाचा विषय झाली नाही. वाद उभा राहिला तो त्याच पट्ट्यातील एका मोठ्या, सर्व तऱ्हेचा माल विकणाऱ्या दुकानावरून.

दुकानाच्या बाजूने केलेला युक्तिवाद साधा होता. हे दुकान म्हणजे राहण्याची जागा नाही आणि ते मोडकळीसही आलेले नाही. मग शेजारची घरे वाईट स्थितीत आहेत म्हणून चांगले दुकान का घ्यावे? शिवाय ही जमीन पुढे खासगी विकासकाकडेच जाणार असेल, तर एका व्यावसायिकाची मालमत्ता काढून दुसऱ्या व्यावसायिकाला देण्यात सार्वजनिक उपयोग तो कोणता? १९५३ मध्ये खालच्या न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण त्याचा अर्थ मर्यादित ठेवला. गलिच्छ वस्ती हटवण्यासाठी संपादन करणे मान्य, मात्र केवळ अधिक संतुलित किंवा अधिक देखणे नगर घडवण्यासाठी कोणाची मालमत्ता घेणे ही वेगळी गोष्ट आहे, असा फरक त्याने केला होता. तो फरक टिकला असता तर पुढच्या अनेक वस्त्यांचा इतिहास वेगळा झाला असता, असे या लेखकाला प्रामाणिकपणे वाटते.

तो टिकला नाही. नोव्हेंबर १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने पुनर्विकास यंत्रणेच्या बाजूने निकाल दिला. समाज निरोगी असावा तसाच सुंदरही असावा, स्वच्छ असावा तसाच ऐसपैसही असावा, हे ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, असे न्यायालयाने म्हटले. पुनर्विकास एकेका भूखंडाचा आणि एकेका इमारतीचा वेगळा विचार करून करण्याचे घटनात्मक बंधन नाही. आपली मालमत्ता निर्दोष आहे एवढ्याच कारणावर एकामागून एक मालक विरोध करू लागले, तर एकसंध आराखड्याला मोठी बाधा येईल, हेही त्याने सांगितले. उद्देश सार्वजनिक असल्याचे एकदा मान्य झाले की तो शासनाने स्वतः साधायचा की खासगी उद्योगामार्फत, हा निर्णय न्यायालयाचा उरत नाही, अशी भूमिका त्याने घेतली.

या निकालाला येथे इतकी जागा देण्याचे कारण असे की पुढील अर्धशतकभर जगाच्या अनेक भागांत मांडला गेलेला युक्तिवाद त्यात जवळजवळ पूर्ण रूपात आढळतो. विचाराचे एकक दुकान नसून परिसर आहे, परिसर सदोष ठरला की त्यातील प्रत्येक वास्तू पाडकामास पात्र ठरते, आणि सदोष कोणता परिसर हे ठरवण्याचे काम योजना आखणाऱ्यांचेच आहे. हा वाद मालमत्तेच्या हक्काचा म्हणून लढवला गेला. त्या दुकानात येणाऱ्या लोकांचा त्याच्याशी काही संबंध आहे आणि त्या संबंधाला काही मोल आहे, हा मुद्दा वादाच्या चौकटीतच नव्हता. रहिवासी पक्षकार नव्हते. आज जो मुद्दा मोहिमांच्या केंद्रस्थानी असतो, तो या पायाभूत निकालात विचाराला आलाच नाही, ही गोष्ट अजून पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही.

नुकसानभरपाईच्या बाबतीतही तीच गोष्ट दिसते. अमेरिकेतील प्रस्थापित नियमानुसार संपादनात मालमत्तेचा बाजारभाव मिळत असे. धंद्याचा नावलौकिक आणि जमलेले गिऱ्हाईक यांची किंमत सर्वसाधारणपणे धरली जात नसे. भाड्याच्या जागेत चालणाऱ्या दुकानदाराच्या हाती त्यामुळे फारसे काही येत नसे. कॅलिफोर्नियाने सत्तरच्या दशकाच्या मध्यास कायदा करून नावलौकिकाच्या हानीची भरपाई देऊ केली, पण तो अपवाद होता. वॉशिंग्टनच्या नैर्ऋत्य भागातून पुनर्विकासाच्या सर्व टप्प्यांत मिळून सुमारे २३,००० रहिवासी आणि सुमारे १,५०० व्यवसाय विस्थापित झाले, असे सामान्यतः सांगितले जाते. घरांचा प्रश्न निदान चर्चेत आला. व्यवसायांची मोजदाद मात्र बहुतेक ठिकाणी तळटीपेपुरती राहिली.

पुढे त्याच निकालाचा आधार जतनाच्या बाजूनेही घेतला गेला. न्यूयॉर्कमधील भव्य रेल्वे स्थानकाचे पाडकाम १९६३ मध्ये सुरू झाल्यावर जो क्षोभ उसळला, त्यातून १९६५ चा वास्तू-संरक्षण कायदा आला. १९७८ मध्ये त्या कायद्याची कसोटी लागली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने शहराचे रूप जपण्यासाठी निर्बंध घालता येतात, या तत्त्वाच्या पुष्टीसाठी १९५४च्याच निकालाचा हवाला दिला. सुंदर नगर घडवण्याचा जो अधिकार दुकान पाडण्यासाठी मान्य झाला होता, तोच वास्तू राखण्यासाठी उपयोगी पडला. अर्थात, राखली गेली ती वास्तूच.

त्याआधी दोन वर्षे, १९७६ मध्ये, याच न्यायालयापुढे आलेले एक छोटे प्रकरण दुकानांच्या दृष्टीने अधिक बोलके आहे, पण त्याची आठवण क्वचितच काढली जाते. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या फ्रेंच भागात हातगाडीवरील विक्रीला बंदी घालताना शहराने आठ किंवा अधिक वर्षे तेथे धंदा करणाऱ्यांना सूट दिली होती. ज्या दोन विक्रेत्यांना सूट मिळाली, ते वीसहून अधिक वर्षे त्या भागात होते आणि तेथील वैशिष्ट्याचाच भाग झाले होते, असे मानणे शहराला शक्य होते, असे म्हणत न्यायालयाने सूट वैध ठरवली. नवख्या विक्रेत्यावर यात अन्याय झाला, हा आक्षेप रास्त आहे. तरीही दीर्घकाळ चाललेला व्यवसाय स्वतःच परिसराचा वारसा ठरू शकतो, हा विचार येथे अधिकृत रीतीने मांडला गेला.

युरोपात वाट वेगळी होती. फ्रान्समध्ये १९५३च्या आदेशाने व्यापारी भाडेकरूला करार नूतनीकरणाचा हक्क दिला आणि मालकाने नूतनीकरण नाकारल्यास व्यवसायाचे मोल धरून भरपाई देण्याचे बंधन घातले. ब्रिटनमध्ये १९५४च्या कायद्याने, म्हणजे वॉशिंग्टनचा निकाल आला त्याच वर्षी, व्यावसायिक भाडेकरूला मुदत संपल्यावरही जागेत राहण्याचे संरक्षण मिळाले. पण त्याच कायद्यात मालकाला जागा पाडण्याचा किंवा तिची मोठी पुनर्बांधणी करण्याचा इरादा सिद्ध करता आला, तर नूतनीकरण नाकारण्याची मुभाही होती. पाडकामाच्या प्रश्नावर ही मुभा म्हणजे दारच उघडे ठेवणे होते.

लंडनच्या कव्हेंट गार्डनचा लढा रहिवाशांच्या विजयाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. १९६८च्या आराखड्यात त्या भागाच्या मोठ्या हिश्श्याचे पाडकाम सुचवले होते. १९७१ मध्ये रहिवासी संघटित झाले आणि जानेवारी १९७३ मध्ये सुमारे २५० इमारती संरक्षित यादीत गेल्याने आराखडा व्यवहारात निकालात निघाला. पॅरिसच्या ले आलमध्ये हे घडले नाही. तेथील घाऊक बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर गेला आणि लोखंडी मंडप १९७१ पासून उतरवले गेले. दोन शहरांतील हा फरक खरा आणि मोठा आहे. पण कव्हेंट गार्डनचा घाऊक बाजारही १९७४ मध्ये हललाच आणि त्याची मुख्य इमारत १९८० मध्ये नव्या दुकानांसह पुन्हा उघडली. इमारती उभ्या राहिल्या, भाडी वाढली आणि बाजारावर पोसलेले जुने व्यवसाय हळूहळू गेले. रहिवाशांनी जे मिळवले ते थोडे नव्हते. त्यांनी मागितले होते त्याहून मात्र कमी होते.

गेल्या दशकातील घडामोडींनी या प्रश्नाचे स्वरूप बदलले, कारण आता धोका केवळ पाडकामाचा राहिला नाही. स्पेनमध्ये १९९४च्या कायद्याने जुन्या व्यापारी भाडेकरारांची सक्तीची मुदतवाढ संक्रमणकाळ देऊन संपवण्याचे ठरले आणि त्यांतील मोठ्या गटाचे संरक्षण २०१४च्या अखेरीस सरले. बार्सिलोनाच्या जुन्या भागातील पिढ्यानपिढ्यांची अनेक दुकाने त्या सुमारास बंद झाली. दर्शनी भाग शाबूत राहिले आणि आतला व्यवसाय गेला. पोर्तुगालमध्ये २०१२च्या भाडेसुधारणेनंतर हेच भय लिस्बनमध्ये पसरले. त्यावर शहराने २०१५ मध्ये ऐतिहासिक दुकानांचा एक कार्यक्रम सुरू केला, ज्यात सजावट आणि इमारतीइतकेच महत्त्व प्रत्यक्ष चालणाऱ्या व्यवसायाला आणि त्यातील अमूर्त वारशाला देण्यात आले. २०१७च्या राष्ट्रीय कायद्याने अशा मान्यताप्राप्त दुकानांना काही काळापुरते भाडेसंरक्षण दिले.

सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ मध्ये साधारणपणे तीस वर्षे चाललेल्या व्यवसायांची नोंदवही उघडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी त्यासाठीच्या निधीला मान्यता दिली. या योजनेतील सर्वांत दूरदर्शी तरतूद अशी की दुकानदाराबरोबरच, त्याला किमान दहा वर्षांचा करार देणाऱ्या जागामालकालाही अनुदान मिळू शकते. मालकाचे हित गृहीत धरूनच दुकान टिकवण्याचा हा प्रयत्न पूर्वीच्या सर्व कायद्यांपेक्षा वास्तवाच्या जवळ जाणारा आहे. पण नोंदवहीत नाव असल्याने पाडकाम थांबत नाही, आणि हीच तिची मोठी उणीव आहे.

ब्रिटनमध्ये दोन विरुद्ध दिशांच्या घटना घडल्या. डिसेंबर २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४च्या कायद्यातील, पाडकामाच्या इराद्यावर नूतनीकरण नाकारण्याची मुभा अरुंद केली. प्रकरण लंडनमधील जुन्या वस्त्रकलेच्या व्यापाऱ्याच्या दालनाचे होते, आणि मालकाने आखलेल्या कामांचा एकमेव हेतू भाडेकरूला बाहेर काढणे हा होता. भाडेकरू स्वतःहून गेला असता तर जी कामे मालकाने केलीच नसती, ती इरादा म्हणून पुढे करता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. याउलट सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये दुकाने, कचेऱ्या, उपाहारगृहे आणि व्यायामशाळा एकाच वापरवर्गात आल्या, त्यामुळे दुकानाचे रूपांतर कचेरीत करायला नियोजन-परवानगीची गरज उरली नाही आणि रहिवाशांना जिथे हरकत घेता येत असे ती पायरीच नाहीशी झाली. इमारत संरक्षित यादीत असेल तर तिच्या रचनेतील बदलांवर हरकत आजही घेता येते. आतला व्यवसाय बदलण्यावर ती घेता येत नाही, आणि म्हणूनच तेथील अलीकडच्या मोहिमांना वारसा-यादीबरोबरच भाडेकराराची मुदत, नूतनीकरणाचा हक्क आणि विस्थापित दुकानदाराला नव्या इमारतीत परवडणाऱ्या दरात परत जागा या बाबींवर मागण्या मांडाव्या लागतात.